सायकलीचा जन्मदाखला

मागच्या चाकाजवळचा एक जुना डिरेलर हातात घेतलाय असं समजू. गिअर बदलताना चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा हा भाग. तेल आणि धूळ यांचं काळं किटण त्यावर घट्ट बसलेलं आहे. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून आपण तो घासत राहतो. आधी समोरच्या बाजूला हरणाच्या डोक्याचं छोटं चित्र दिसू लागतं. मग भाग उलटा करून मागची बाजू घासली, की गिऱ्हाइकाची नजर कधीच पोचणार नाही अशा जागी दोन बारीक इंग्रजी अक्षरं उमटतात : के आणि एफ.

हा डिरेलर शिमानो या जपानी कंपनीचा आहे, आणि त्या काळात शिमानो आपल्या सुट्या भागांवर अशी दोन अक्षरं ठोकत असे. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. १९७६ साठी ए, १९७७ साठी बी, असं मोजत गेलं की के म्हणजे १९८६. जानेवारीचा ए धरला तर एफ म्हणजे जून. हा डिरेलर जून १९८६ मध्ये तयार झाला. कागद नाही, पावती नाही, पहिल्या मालकाचा पत्ता नाही. तरी धातूने आपली जन्मतारीख जपून ठेवली आहे.

आता त्याच सायकलीचा क्रँक उलटा करून बघू. त्यावर एच-के, म्हणजे नोव्हेंबर १९८३. ब्रेकवर एच-एल, म्हणजे डिसेंबर १९८३. सायकल-कंपन्या पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षाच्या अखेरीपासूनच बाजारात आणायला लागतात. तेव्हा १९८३ च्या शेवटाचे भाग असलेली ही सायकल १९८४ चं मॉडेल असणार. मग जून १९८६ चा डिरेलर तिच्यावर आला कुठून? आणि तिला मूळ रूपात आणायची, तर तो ठेवायचा की काढायचा?

जुन्या माउंटन बाइकचं पुनरुज्जीवन करणाऱ्याला असे प्रश्न दर वळणावर भेटतात. पाना हातात घेण्याआधी त्याला सायकल वाचावी लागते.

दोन वेगळी कामं

सायकल दुरुस्त करणं आणि सायकल तिच्या काळात परत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या गल्लीतल्या दुकानात आपण सायकल ओव्हरहॉलिंगला टाकतो. मेकॅनिक तिचे सगळे भाग सोडवतो, छर्रे बदलतो, झिजलेलं काढून बसेल ते नवं घालतो आणि संध्याकाळी सायकल पळायला लागते. ते काम चोख असतं आणि त्याची कसोटी एकच : भाग बसतो का आणि चालतो का.

दुसऱ्या कामात कसोटी वाढते. हा भाग या सायकलीवर त्या वर्षी असू शकला असता का, हेही विचारावं लागतं. १९८४ च्या फ्रेमवर १९९६ चे ब्रेक बसवता येतील, ते अधिक चांगले लागतीलही. पण मग ती सायकल १९८४ ची गोष्ट सांगायची थांबते. नुसतं 'जुनं' असून भागत नाही, त्याच काळातलं जुनं लागतं. नऊवारीतल्या आजीच्या फोटोत मनगटावर आजचं डिजिटल घड्याळ दिसलं तर जसं खटकेल, तसंच जाणकाराला इथे खटकतं.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे समजायला माउंटन बाइक जिथे जन्मली तिथे जावं लागेल.

फेअरफॅक्सचा उतार

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथल्या माउंट टॅमलपाइसच्या परिसरात वणव्याच्या वेळी गाड्या नेता याव्यात म्हणून काढलेले कच्चे रस्ते आहेत. १९७० च्या दशकात काही तरुण तिथे जुन्या सायकली वर न्यायचे आणि उतारावरून सुसाट खाली सोडायचे. या सायकली १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, श्विन एक्सेल्सियरसारख्या, जाड फुगीर टायरच्या. मुळात त्या शाळकरी पोरांसाठी बनलेल्या. भंगारात स्वस्त मिळायच्या आणि मार खायच्या.

फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर ऑक्टोबर १९७६ मध्ये वेळ लावून पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली नेणारा तो रस्ता. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असायचा, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एवढ्या उतारावर तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत त्याला 'रीपॅक' करणं म्हणतात आणि त्यावरून त्या उताराचंच नाव रीपॅक पडलं. गॅरी फिशरने तिथे नोंदवलेली ४ मिनिटं २२ सेकंदांची वेळ हा त्या शर्यतीचा विक्रम ठरला.

उतरणं जमलं, पण चढताना सायकल ढकलत न्यावी लागे. त्यासाठी गिअर हवे होते. कुपरटिनोहून आलेल्या काही सायकलस्वारांनी १९७४ च्या डिसेंबरमध्ये मिल व्हॅलीच्या शर्यतीत जाड टायरच्या सायकलींना डिरेलर बसवून आणले होते. मरिनच्या मंडळींनीही मग तीच वाट धरली. जुन्या फ्रेमा आदळआपटीला टिकेनात, तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ याने याच कामासाठी खास नवी फ्रेम बांधली. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या, वर निकेलचा मुलामा आणि सगळे भाग नवे. ती पहिली 'ब्रीझर' आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमा घेऊन सायकली विकायला सुरुवात केली. त्यांच्या धंद्याचं नाव 'माउंटनबाइक्स'. ते विशेषनाम पुढे सामान्यनाम झालं.

या सायकलींसाठी बनवलेला एकही भाग तेव्हा बाजारात नव्हता. म्हणून जिथे जे मजबूत दिसलं ते उचललं गेलं. ब्रेकचे लांब लीव्हर मोटरसायकलचे, कारण चारही बोटांनी दाबता यायचे. कँटिलिव्हर ब्रेक माफॅक या फ्रेंच कंपनीचे, दोन जण चालवतात त्या टँडम सायकलींसाठीचे. क्रँक टी.ए. या फ्रेंच कंपनीचे, दूरच्या प्रवासाच्या सायकलींवरचे, कारण त्यांना लहान चक्रं लावता येत. गिअर जपानच्या सनटूरचे. हँडल आणि त्याची मान एकाच त्रिकोणात जोडलेली, कारण साधं हँडल खडकाळ उतारावर मानेत फिरायचं.

म्हणून पहिल्या पिढीची माउंटन बाइक मूळ रूपात आणायची म्हणजे हीच भेसळ इमानाने जुळवायची. प्रत्येक परका भाग तेव्हाची एक अडचण आणि तिच्यावर काढलेली तोड सांगतो. मोटरसायकलचा लीव्हर काढून नंतरचा सुबक लीव्हर लावला, की ती अडचणही पुसली जाते आणि ती तोडही.

पंधरा वर्षांत पालटलेली सायकल

१९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टंपजंपर' आणली. जपानमध्ये बनलेली, ७५० डॉलरची. हाताने बांधलेल्या मोजक्या सायकलींच्या जगात ही पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली माउंटन बाइक. मग भाग बनवणाऱ्या कंपन्या जाग्या झाल्या. १९८२ मध्ये शिमानोने खास डोंगरी सायकलींसाठी डिओरे एक्सटी हा भागांचा संच काढला. आपल्या डिरेलरवरचं हरणाचं डोकं त्याचंच.

तिथून पुढे दर एक-दोन वर्षांनी काही ना काही बदलत गेलं. १९८६ च्या आसपास मागचा ब्रेक सीटखालून निघून पॅडलच्या मागे, खालच्या नळ्यांवर गेला. हा यू-ब्रेक दमदार होता, पण नेमका चिखल साठतो तिथेच बसायचा. चार-पाच वर्षांत तो मागे पडला. १९८७ मध्ये एक्सटी संचात खटका देणारे गिअर आले. त्याआधी अंगठ्याने लीव्हर सरकवत, चेनचा आवाज ऐकत गिअर जुळवावा लागे. १९९० च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा पुढचं चाक धरणारा, दणके शोषणारा चिमटा आला. १९९० मध्येच कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९९६ मध्ये शिमानोचे व्ही-ब्रेक आले.

रोडस्टर जातीची आपली साधी काळी सायकल कित्येक दशकं जवळजवळ तशीच राहिली. तिचा पन्नास साली बनलेला भाग सत्तर साली बनलेल्या सायकलीला बिनदिक्कत बसायचा. माउंटन बाइकचं तसं नाही. तिच्या बाबतीत दोन वर्षांचा फरकही डोळ्यांना दिसतो आणि हाताला जाणवतो.

फ्रेमचा शब्द अखेरचा

काय बसेल आणि काय नाही, हे आधी फ्रेम ठरवते. म्हणून पहिलं अवजार स्केल आणि व्हर्नियर कॅलिपर. मागच्या चाकाची जागा आतून मोजायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फ्रेमांत ती १२६ किंवा १३० मिलिमीटर भरते. दशक संपता संपता १३५ रूढ झाली. सीटच्या दांडीचं माप दर ०.२ मिलिमीटरला बदलतं : २६.४, २६.६, २६.८. एक पायरी लहान दांडी घातली तर ती घसरते आणि नळीचं तोंड वेडंवाकडं करते.

ब्रेकच्या खुंट्या बघाव्यात. यू-ब्रेकच्या खुंट्या रिमच्या वर असतात, कँटिलिव्हरच्या खाली. एकाच्या जागी दुसरा बसतच नाही. चिमट्याचंही तसंच. साध्या चिमट्यासाठी बांधलेल्या फ्रेमला दणके शोषणारा उंच चिमटा लावला की पुढचा भाग उचलला जातो. साधारण २० मिलिमीटर उंची वाढली तर हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने लवंडतो आणि सायकल वळायला जड होते. त्या काळचा सरळ चिमटा शोधण्यात दिसण्याचा हट्ट तर आहेच, पण फ्रेम बांधणाऱ्याने हिशेब करून साधलेलं वळणही त्यानेच परत मिळतं.

टायरच्या बाबतीत आपल्याकडच्या वाचकाने विशेष जपावं. माउंटन बाइकचा टायर २६ इंची आणि आपल्या दुकानात मिळणारा २६ x १ ३/८ हाही २६ इंचीच. पण पहिल्याची रिमवरची बैठक ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याची ५९०. नाव एक आणि माप वेगळं. एक दुसऱ्यावर चढणार नाही.

आता आपल्या कोड्याकडे येऊ. डिरेलर ज्या कानाला अडकतो तो मागच्या उजव्या बाजूचा पोलादी कान नीट बघितला, तर त्याच्या मुळाशी रंगाला बारीक तडे दिसतात आणि तो एका अंगाला किंचित झुकलेला आहे. कधीतरी तो वाकला होता आणि कोणीतरी सरळ केला होता. पोलाद असल्यामुळे तो तुटला नाही. म्हणजे ही सायकल उजव्या कुशीवर पडली, कान वाकला, डिरेलर मोडला आणि मालकाने त्याच जातीचा, हरणाच्या डोक्याचाच, दुसरा आणून लावला. दोन वर्षांत बाजारात दुसरंही बरंच काही आलेलं असताना त्याने आपल्या सायकलीला शोभेल तेच निवडलं. हा डिरेलर कारखान्यातून तिच्याबरोबर आलेला नसला, तरी तो तिच्याच आयुष्यातला आहे. माझं मत स्पष्ट आहे : तो ठेवावा. नोव्हेंबर १९८३ चा दुसरा शोधून लावला तर अक्षरं जुळतील, पण ते पडणं आणि ते सावरणं नाहीसं होईल.

उघडताना

पहिला पाना फिरवण्याआधी फोटो काढावेत, सगळ्या बाजूंनी. केबल कुठून कशी वळते, कुठला वॉशर कुठे, ब्रेकच्या रबराचं तोंड कुठल्या दिशेला. सुटणारा प्रत्येक भाग वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. खराब भागही शेवटपर्यंत फेकायचा नाही, कारण बदली शोधताना माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं.

काही आटे उलटे असतात. डावं पॅडल उलट्या आट्याचं, हे आपल्याकडेही सायकल सोडवणाऱ्या पोराला ठाऊक असतं. पण खालच्या एक्सलचा उजवा कपही इंग्लिश मापात उलट्या आट्याचा असतो. न कळता जोर लावत राहिलं तर तो सुटायच्या ऐवजी आणखी आवळला जातो.

सगळ्यात जास्त घाम काढते ती सीटची दांडी. नळी पोलादाची, दांडी ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू ओलाव्यात चिकटून राहिले की त्यांच्यात एखाद्या बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. झिजून होणारी पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. नळीच्या आत तिला फुगायला जागा नसते, म्हणून ती पाचरीसारखी बसते आणि दांडी जाम होते.

इथे नुसती ताकद कामाची नाही, धातूचा स्वभाव वापरावा लागतो. तापमान बदललं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन-प्रसरण पावतं. म्हणून नळी तापवणं सहसा उलटं पडतं. आतली दांडी तिच्याहून जास्त फुगते. दांडी थंड करावी. ५० अंशांनी थंड केली तर २७ मिलिमीटरची दांडी नळीच्या तुलनेत सुमारे ०.०१५ मिलिमीटर जास्त आकसते. फट एवढीशीच, पण आदल्या रात्री सोडलेलं पातळ तेल आत शिरायला ती पुरते. मग दांडी शेगड्यात धरून फ्रेम हलके हलके डावीउजवीकडे फिरवायची. एक कर्रर्र आवाज येतो आणि दांडी सुटते. त्यानेही नाही सुटली तर कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळवणं हा शेवटचा मार्ग. त्यात पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, कातडी आणि डोळे भाजू शकतात, रंगही जातो. हे काम घरी करू नये.

गंज, रंग आणि संयम

गंज दोन प्रकारचा असतो. एक वरवरचा, तपकिरी पावडरीसारखा, आणि दुसरा नळी खात गेलेला. पहिला दिसायला वाईट, दुसरा जिवाला वाईट. नळीच्या खालच्या बाजूला, जोडांजवळ आणि खालच्या एक्सलच्या पोकळीत बोटाने आणि टॉर्चने तपासावं. रंग फुगला असेल तिथे हळूच टोचून बघावं. नळी आतपर्यंत गेली असेल तर ती फ्रेम भिंतीवर शोभेल, रस्त्यावर नेऊ नये.

वरवरच्या गंजाला ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं. ते गंजाशी संयोग पावून त्याला पाण्यात विरघळवतं. द्रावण विषारी असतं, हातमोजे हवेतच आणि काम मोकळ्या हवेत. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने भरपूर धुवावं, नाहीतर पिवळट थर राहतो. क्रोमच्या भागांना सोपा उपाय आहे : स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि चकाकी ओरखडत नाही. ॲनोडाइझ केलेल्या भागांना मात्र पॉलिश लावू नये. तो राखाडी किंवा काळा थर हेच त्या भागाचं मूळ रूप असतं. एकदा घासून गेला की भाग आरशासारखा चमकतो आणि खोटा दिसतो.

सगळ्यात मोठा मोह रंगाचा. ओरखडे बघून हात शिवशिवतात : सगळं खरवडून नवा रंग मारू या. नवा रंग केव्हाही आणि कितीही वेळा देता येईल. कारखान्यातला पहिला रंग, त्यावरची ती चिकटचित्रं, ब्रेकच्या केबलने वीस वर्षं घासून पाडलेली ती रेघ, हे पुन्हा कुठूनही आणता येणार नाही. म्हणून आधी कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग मेण आणि उघड्या पडलेल्या पोलादावर तेवढ्यापुरता रंगाचा ठिपका. बऱ्याच सायकलींना एवढंच पुरतं. फ्रेमच्या आतल्या बाजूला तेलाचा पातळ हात फिरवला की आतून गंज धरत नाही.

हरवलेल्या भागांचा शोध

आता यादी करायची. काय आहे, काय चुकीचं आहे, काय नाही. त्या वर्षीचं कंपनीचं सूचिपत्र मिळालं तर फार बरं, कारण त्यात प्रत्येक मॉडेलचे भाग नावानिशी छापलेले असतात. फक्त एवढं लक्षात ठेवावं की सूचिपत्र उत्पादनाआधी छापलं जातं. कारखान्यात ऐन वेळी एखादा भाग कमी पडला तर दुसरा लावला जायचा. म्हणून सूचिपत्राची आणि भागावरच्या अक्षरांची साक्ष ताडून बघावी.

भाग तीन वाटांनी मिळतात. जुन्या दुकानांच्या माळ्यावर पडलेला, कधीच न वापरलेला माल. हा सर्वांत महाग. दुसऱ्या सायकलीवरून काढलेले वापरलेले भाग. हे परवडतात, पण झिजेचा अंदाज घ्यावा लागतो. आणि नव्याने केलेल्या हुबेहूब प्रती. प्रत लावण्यात कमीपणा नाही, ती प्रत आहे हे लपवू नये एवढंच.

दुसऱ्या वाटेवर एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. एका सायकलीला पूर्ण करण्यासाठी दुसरी चांगली, धडधाकट सायकल फोडू नये. फ्रेम तुटलेली, चिमटा वाकलेला, अशी सायकल भाग द्यायला योग्य. ज्या सायकलीचे सगळे मूळ भाग एकत्र शिल्लक आहेत ती जशी आहे तशी राहू द्यावी. जगभरातली अशी प्रत्येक सायकल फोडली गेली, तर उद्या ताडून बघायला काहीच उरणार नाही.

हे भान आपल्याकडेही हळूहळू रुजतं आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभारलं आहे. तिथल्या सायकली बहुतेक माउंटन बाइकच्या आधीच्या काळातल्या, पण एकेका सायकलीपुढे थांबून तिचा दिवा, तिची घंटा, तिचं लॉक बघितलं की 'त्याच काळाचा भाग' म्हणजे काय, ते शब्दांवाचून समजतं.

इमान कुठवर

पुनरुज्जीवित सायकल चालवायची असेल तर इमानालाही मर्यादा घालावी लागते. रबराला हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन खात राहतो. चाळीस वर्षांचा टायर बाहेरून अखंड दिसला तरी वळणावर फाटू शकतो. ब्रेकची रबरं दगडासारखी कडक होतात आणि रिमवर नुसती घसरतात. केबल आतून गंजते. या तीन गोष्टी नव्या घ्याव्यात. मूळ असतील तर पिशवीत घालून, नाव-साल लिहून, सायकलीच्या इतर कागदांबरोबर ठेवून द्याव्यात. फिकट तपकिरी कडांचे जुन्या वळणाचे टायर आजही बनतात. ते लावले की सायकलीचा चेहरा बदलत नाही.

ॲल्युमिनियमच्या हँडलकडेही कठोरपणे बघावं. पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. प्रत्येक दणका हिशेबात जमा होत राहतो आणि एक दिवस काहीही न कळवता ते तुटतं. हँडल मानेत जिथे आवळलेलं असतं तिथे बारीक चीर दिसली, तर ते हँडल कितीही दुर्मीळ असलं तरी चालवायच्या सायकलीवरून उतरवावं.

ग्रीस

शेवटी जोडणी. तिची सुरुवात मी नेहमी मागच्या हबपासून करावी असं सांगेन.

कोन, म्हणजे छर्‍यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट, सोडवून एक्सल बाहेर ओढला की छर्रे टपटप गळतात, म्हणून खाली कापड पसरलेलं हवं. मागच्या हबमध्ये एका बाजूला पाव इंची नऊ, दोन्ही मिळून अठरा. पुढच्यात ३/१६ इंची, बाजूला दहा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलने धुऊन काढायचं. मग कोन उजेडात धरून फिरवायचा. छर्रे जिथे धावतात तिथे एक चकचकीत पट्टा दिसतो. पट्टा सलग असेल तर कोन चांगला. त्यात खड्डे पडले असतील तर बॉलपेनचं टोक फिरवताना ते जाणवतात, आणि तो कोन बदलायलाच हवा. छर्रे मात्र सगळे नवे घ्यावेत. ते स्वस्त असतात आणि जुन्यात एखादा जरी किंचित झिजलेला असला तरी सगळा भार बाकीच्यांवर येतो.

कपात ग्रीसचा जाड थर द्यायचा. त्यात एकेक छर्रा चिमटीने बसवायचा; ग्रीसच त्याला धरून ठेवतं. एक्सल सरकवायचा, कोन हाताने आवळायचा. इथे बारीक कसब आहे. चाक फ्रेममध्ये बसवून ते धरून ठेवणारा क्विक-रिलीज लीव्हर आवळला की एक्सल अगदी किंचित दाबला जातो आणि कोन आणखी घट्ट होतो. म्हणून बाहेर असताना कोनात जाणवेल न जाणवेल एवढी ढील ठेवायची. चाक बसलं की ती नाहीशी होते आणि चाक नुसतं सोडलं तरी व्हॉल्व्हच्या वजनाने सावकाश फिरून तळाशी येऊन थांबतं.

बोटं ग्रीसने माखलेली असतात तेव्हा लक्षात येतं की आपण अगदी तेच करतोय जे फेअरफॅक्सच्या उताराच्या पायथ्याशी ती पोरं करत होती. हब उघडून ग्रीस भरणं. त्या उताराला नाव मिळालं ते याच कामावरून. विजेत्याच्या नावावरून नाही, विक्रमावरूनही नाही. त्यांना पुन्हा वर जायचं होतं, आणि त्यासाठी आधी हे करावं लागायचं.

मग चाक चढवायचं, चेन घालायची आणि वाकून सरळ झालेल्या त्या कानाला जून १९८६ चा डिरेलर अडकवायचा. अंगठ्याखालच्या लीव्हरला खटका नाही. चेन खरखरली की थोडं पुढे, गप्प झाली की तिथेच. पहिल्या दहा मिनिटांत चुका होतात, मग कान आणि अंगठा एकमेकांना ओळखू लागतात. त्या पहिल्या मालकालाही ते असंच शिकावं लागलं असेल.